रंगाच्या आधीचं विमान

श्री. जयवंतराव मोघे यांची आणि माझी ओळख एका पत्र्याने करून दिली. भोपाळमध्ये बरखेड्याला लागून असलेल्या मोठ्या कारखान्यात मी नोकरीवर रुजू झाले, तो पहिला दिवस. मी सांगलीहून आलेली, हातात इंजिनिअरिंगची पदवी आणि डोक्यात भरपूर हवा. रंगविभागाच्या प्रमुखांनी, म्हणजे मोघे साहेबांनी, मला केबिनमध्ये बोलावून घेतलं नाही. ते स्वतः उठून मला थेट शॉपमध्ये घेऊन गेले, टेबलावरचा एक चकचकीत पत्रा दाखवला आणि म्हणाले, "बाई, हा साफ आहे का?" मी वाकून, वळून, सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि ठसक्यात सांगितलं, "हो सर, अगदी साफ."

साहेबांनी शेजारचा तांब्या उचलला, पत्रा तिरपा धरला आणि वरून पाणी सोडलं. एका बाजूने पाणी सलग चादरीसारखं उतरलं. दुसऱ्या बाजूला ते मध्येच फुटलं आणि त्याचे थेंब झाले. "जिथे पाणी तुटलं तिथे तेल आहे," साहेब म्हणाले. "आपल्या डोळ्याला दिसत नाही, पाण्याला दिसतं. फिकर नका करू. चला, चहा पिऊन घेऊ."

पहिल्या दहा मिनिटांत नापास! मला असा राग आला होता की विचारू नका. पण चहाचा कप साहेबांनी स्वतः आणून माझ्या हातात दिला, आणि समोर बसून सांगलीच्या हळदीची, माझ्या आईवडिलांची, भोपाळमध्ये राहायची काय सोय झाली याची चौकशी केली. बावीस वर्षांच्या पोरीला खात्याचा प्रमुख "तुम्ही" म्हणतो, याचीच मला गंमत वाटत होती. पुढे कळलं की साहेब सगळ्यांनाच अहो-जाहो करतात. शॉप झाडणाऱ्यालाही, जनरल मॅनेजरलाही आणि सोनागिरीतल्या त्यांच्या फाटकाशी बसणाऱ्या कुत्र्यालाही. या जगात ते फक्त एकाच व्यक्तीला "तू" म्हणतात, त्या म्हणजे त्यांच्या पत्नी, आमच्या सुलभाकाकू.

साहेब मूळचे उज्जैनचे. त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला मी मनातल्या मनात नाक मुरडत असे. "काय करून राहिलात बाई?" असं त्यांनी विचारलं की माझ्या कानाला खटकायचं. आज माझी मुलगी पुण्याला फोनवर "मी जेवून राहिले" म्हणते, तिकडचे हसतात, आणि मला अभिमान वाटतो.

कारखान्यात रंगखातं सगळ्यात शेवटी येतं. उशीर सगळ्यांनी करायचा आणि माल गाडीवर चढवायच्या दिवशी बोट आमच्याकडे दाखवायचं, अशी तिथली रीत. साहेबांनी त्यावर कधी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. मात्र माणसांच्या छातीचा प्रश्न आला की ते हलत नसत. त्या काळी फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधायची पद्धत होती. साहेबांनी भांडून चांगले मास्क मागवले, तर कुणी घालेना. गुदमरतं, चष्म्यावर वाफ येते, शंभर कारणं. साहेबांनी कुणाला दटावलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः मास्क घालून वावरायला लागले. शॉपमध्ये मास्क, ऑफिसात मास्क, मीटिंगमध्ये मास्क. मोठ्या साहेबांनी विचारलं तर मास्कमधूनच काहीतरी उत्तर दिलं, ते कुणालाच कळलं नाही. पंधरवडाभर सगळा कारखाना हसला आणि हसता हसता आमच्या शॉपमधल्या प्रत्येकाने मास्क घातला. आमचे फोरमन तिवारीजी निवृत्त होऊन आता इंद्रपुरीत राहतात. सत्तरीला आले तरी जिने चढताना त्यांना धाप लागत नाही. ते म्हणतात, "ये फेफड़े मेरे नहीं हैं, मोघे साहब के दिए हुए हैं."

माझ्या बाबतीतलं एक सांगते. मुलीच्या वेळी मला महिनाभर अंथरुणावर पडून राहायला सांगितलं होतं. माझं माहेर लांब, सासर त्याहून लांब. काकू रोज डबा घेऊन यायच्या, हे तर झालंच. पण साहेबही आठवड्यातून दोनदा यायचे, ते ऑफिसातली अडलेली कामं घेऊन. मला वाटायचं, काय माणूस आहे, इथेही काम! नंतर कधीतरी काकूंनी सांगितलं की त्यातलं एकही काम अडलेलं नसायचं. बाई रिकामी पडून राहिली तर मन खाईल, म्हणून साहेब मुद्दाम कोडी शोधून आणायचे.

आता विमानाकडे येते. खरं म्हणजे मला पहिल्या ओळीपासूनच विमानाकडे यायचं होतं. हा लेख शिस्तीत लिहायचा म्हणून मी एवढा वेळ कळ काढली.

निवृत्तीनंतर साहेबांनी घरी जाहीर केलं की ते विमान बांधणार. दोन माणसं बसतील एवढं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, खरंखुरं उडणारं विमान, सोनागिरीच्या घराच्या अंगणात. कारण विचारलं तर म्हणाले, "जिंदगीभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू रंगवल्या. एक वस्तू स्वतः बनवायची, मग रंगवायची." बस्, एवढंच कारण. परदेशातून खोक्यांमधून पत्रे आणि नकाशे आले. काकूंनी अंगणातला मोगरा आणि कढीपत्ता मागच्या बाजूला हलवला आणि तिथे शेड उभी राहिली. शेजारीपाजारी आधी हसले, मग काळजीत पडले, मग त्यांना सवय झाली. दूधवाला दारात दूध मापता मापता विचारायचा, "बाबूजी, जहाज कब उड़ रहा है?" आणि साहेब दर वेळी तितक्याच गांभीर्याने सांगायचे, "अभी तो पूँछ लग रही है, भैया."

शेपटी लागली, धड झालं, पंख झाले. एकेक रिव्हेट साहेबांनी हाताने ठोकला. धरायला कधी तिवारीजी, कधी रविवारी मी. वर्षं गेली. सरकारी तपासणीचे टप्पे पार पडले, इंजिन बसलं, उडवण्यासाठी एक अनुभवी वैमानिक मित्र तयार झाले, आणि या वर्षी पावसाळा संपता संपता ती वेळ आली जिची आम्ही तिघं रंगवाली माणसं वाट पाहत होतो. विमान रंगाला आलं!

बाहेरच्या माणसाला वाटतं, विमान रंगवायचं म्हणजे रंग मारायचा. अहो, रंग हा शेवटचा, सोपा भाग. खरं काम त्याच्या आधी असतं. कोरा ॲल्युमिनियम फार मानी धातू आहे. तो अंगावर रंग सहजासहजी बसू देत नाही. आधी तो थिनरने पुसायचा, तोही दोन फडक्यांनी. एक ओलं फडकं, आणि त्याच्या मागोमाग, ते सुकायच्या आत, दुसरं कोरडं. मग बारीक घासणीने सगळा पत्रा असा घासायचा की चमक जावी पण ओरखडा उठू नये. रिव्हेटच्या प्रत्येक डोक्याभोवती बोटाने घासणी फिरवायची. मग धुवायचं, मग रसायनाचं पाणी लावायचं, ज्याने पत्र्यावर फिकट सोनेरी झाक येते, मग पुन्हा धुवायचं. आणि यानंतर त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही, कारण आपल्या बोटालाही तेल असतं. हे सगळं झालं की प्रायमर. पत्र्याला पकडून ठेवणारा आणि रंगाला धरून ठेवणारा पहिला थर. तोसुद्धा पातळ, कारण विमानाला वजन झेपत नाही. "रंग चढवायचा नाही, बसवायचा," हे साहेबांचं जुनं वाक्य.

तो महिना मी विसरणार नाही. मी मुलीच्या लग्नातही एवढी उत्साहात नव्हते, असं माझा नवरा म्हणतो, आणि ते खरं आहे. शेडमध्ये येणाऱ्याने केसांना तेल लावायचं नाही, असा नियम निघाला. स्वयंपाकघराची खिडकी शेडकडे उघडते, तेव्हा फवारणीच्या आसपास घरात तळण बंद. हे ऐकल्यावर काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आणि दिवाळीच्या चकल्या काय कूकरमध्ये शिजवू?" साहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत आपलं काम आटोपतं, सुलभा." रंग कोणता, हे काकूंनी आधीच ठरवून टाकलं होतं. मोतिया पांढरा आणि त्यावर नाकापासून शेपटीपर्यंत डाळिंबी पट्टा.

आणि इथेच ती गोष्ट आहे जिच्यासाठी आमची सगळ्यांची झोप उडाली. डिसेंबरात साहेबांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतात. आमच्या इथल्या मराठी मंडळाने सत्कार ठरवला आणि समितीचे अध्यक्ष नानासाहेब यांना एक कल्पना सुचली की विमान मंडळाच्या मैदानावर आणून, पूर्ण रंगात, सर्वांना दाखवायचं. निमंत्रणपत्रिकेवर मोतिया-डाळिंबी विमानाचं चित्रही छापून झालं. साहेब या बाबतीत फार बोलत नसत, पण मी त्यांना ती पत्रिका चष्मा वर करून पुन्हा पुन्हा बघताना पाहिलं होतं. त्यांनाही ते हवं होतं. इतक्या वर्षांनी एकदा, पूर्ण झालेली वस्तू चार लोकांसमोर उभी करायची होती.

पुढचा प्रसंग लिहावा की नाही, असा मला प्रश्न पडला होता. सुलभाकाकूंनी तो सोडवला. "लिही. माझं नाव घालून लिही," त्या म्हणाल्या. "नाहीतर लोकांना वाटायचं, ह्यांचं काम कच्चं होतं." तेव्हा लिहिते.

नवमीच्या संध्याकाळी पत्रा तयार झाला. साहेबांनी धडावर, पंखांवर, शेपटीवर पाणी ओतून पाहिलं. सगळीकडे पाणी सलग उतरलं. विमान स्वच्छ चादरींनी झाकलं आणि ठरलं की उद्या दसरा, सकाळी प्रायमर. सकाळी आम्ही जमलो तेव्हा साहेब तांब्या घेऊन उभे होते. "एकदा परत बघून घेऊ," ते म्हणाले. तिवारीजी म्हणाले, "साहब, कल शाम को ही तो देखा है। फिर सुखाने में दोपहर हो जाएगी, हवा चलने लगेगी, और शाम को मैदान में रावण का धुआँ।" साहेबांनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा विमानाकडे, आणि तांब्या खाली ठेवला. मला वाटतं, एवढ्या वर्षांच्या नोकरीत जो नियम त्यांनी कधी मोडला नाही, तो त्या सकाळी आनंदाने मोडला.

काय सकाळ होती ती! जमीन पाणी शिंपडून ओली केलेली, धूळ बसावी म्हणून. चारी बाजूंना प्लास्टिकचे पडदे. दोन डब्यांतला प्रायमर मापाने एकत्र केला आणि तो मुरायची वाट पाहत आम्ही तिघं मास्क घालून उभे. मग साहेबांनी फवारणीची गन उचलली. पंच्याहत्तरीला टेकलेला तो हात पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असा गेला की मध्ये कुठे वेग कमी नाही, जास्त नाही. चमकणाऱ्या पत्र्यावर राखी-हिरवा थर पसरत गेला आणि इतकी वर्षं तुकड्यातुकड्यांचं दिसणारं ते यंत्र आमच्या डोळ्यांसमोर एकसंध झालं. मी मास्कच्या आत ओरडले. तिवारीजी नाचायचेच बाकी होते. धडावर आणि डाव्या पंखावर काही ठिकाणी बारीक खळगे पडले, तर कॉम्प्रेसरमध्ये पाणी आलं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. साहेब मात्र त्या खळग्यांसमोर थोडा वेळ उभे राहिले होते. नंतर काकूंनी सगळ्यांना आपट्याची पानं दिली आणि आम्ही एकमेकांना सोनं देत अंगणात लहान मुलांसारखे हसत होतो.

पुढच्या रविवारी परीक्षा होती. प्रायमर पक्का झाला की ब्लेडने त्यावर बारीक जाळी कापायची, वर टेप घट्ट दाबून बसवायची आणि एका झटक्यात ओढायची. उजव्या पंखावर टेप ओढली, काही आलं नाही. धडावर ओढली, तर टेपबरोबर प्रायमरही सोलून हातात आला. साहेबांनी दुसरीकडे ओढून पाहिली. तिसरीकडे. डावा पंख. सगळीकडे तेच. खालचा पत्रा लख्ख चमकत होता.

मग तिवारीजी कॉम्प्रेसरला शिव्या द्यायला लागले, मी प्रायमरच्या कंपनीला. "मशीन एक, माल एक, हात एक," साहेब म्हणाले. "तर मग उजवा पंख चांगला का?"

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "अहो, तो भिंतीला लागून होता ना, तिथे माझा हात पोचला नाही."

आम्ही तिघांनी वळून पाहिलं.

"दसऱ्याला पहाटे मी पूजा केली की त्याची," काकू सांगत होत्या. "घरातल्या विळी-कोयत्याची करते, शिवणयंत्राची करते, मग एवढ्या मोठ्या विमानाची नको? चादरी काढल्या, हळदकुंकवाची बोटं लावली, निरांजन ओवाळलं. आणि तुम्हाला डाग चालत नाहीत हे मला माहीत आहे हो. लगेच पुसून टाकलं सगळं. देवघरातल्या मऊ फडक्याने. कुंकू पुसलं तर बाकीचं धुरकट दिसायला लागलं, मग म्हटलं अख्खंच पुसून घेऊ. देव पुसते तसं छान पुसलं आणि चादरी परत घातल्या."

ज्यांच्या घरात देवघर आहे त्यांना ते फडकं माहीत आहे. समई पुसलेलं, निरांजन पुसलेलं, वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं, हाताला रेशमासारखं लागणारं. प्रायमरमधले ते खळगे त्याच तेलाचे होते. एका मराठी घराखेरीज जगात कुठेही विमानाला हा रोग झाला नसेल. तिवारीजींनी कपाळाला हात लावला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. काकूंनी हातात ट्रे घेऊनच आमचे चेहरे एकेक करून पाहिले.

"म्हणजे हे माझ्यामुळे?"

साहेबांनी आधी तो ट्रे त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवला. मग म्हणाले, "सुलभा, तू पूजा केलीस ते ठीकच केलं. सकाळी पाणी ओतून बघायचं काम माझं होतं. मी नाही ओतलं." त्यानंतर आजतागायत मी त्यांच्या तोंडून या विषयावर दुसरा शब्द ऐकलेला नाही. माणसाचा मोठेपणा काय असतो ते मला त्या वाक्याने शिकवलं, आणि हे लिहिताना माझे डोळे भरून आले आहेत, ते मी लपवत नाही.

पण सत्कार तर तोंडावर आला होता. उजवा पंख सोडून सगळं सोलायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा प्रायमर, तो पक्का होऊ द्यायचा, मग रंगाचे थर. डिसेंबरपर्यंत ते शक्य नव्हतं. नानासाहेब बातमी ऐकून स्कूटरवरून धावतच आले. त्यांचाही दोष नाही, पत्रिका गावभर गेल्या होत्या.

"जयवंतराव, जिथे सोललंय तिथेच ठिगळं लावा आणि वरून रंग मारून टाका," ते म्हणाले. "लोकांना काय कळतंय?"

तिवारीजींनाही मोह झाला होता. "साहब, ऊपर से पक्का रंग चढ़ गया तो दो-तीन बरसात तो आराम से निकाल देगा. किसी को पता नहीं चलेगा."

"आणि आत पत्रा खराब व्हायला लागला तर रंगावरून दिसेल?" साहेबांनी विचारलं. तिवारीजी स्वतः उत्तम कारागीर आहेत, उत्तर त्यांना माहीत होतं.

नानासाहेब हट्टाला पेटले. "अहो, तीन वर्षांनी बघू ना काय ते. सत्कार तर होऊन जाऊ द्या."

साहेबांनी शांतपणे चष्मा काढून पुसला. "नानासाहेब, सोलावं तर लागणारच. तीन वर्षांनी मी अठ्ठ्याहत्तरचा असेन. आज पंच्याहत्तरचा आहे, हात मस्त चालून राहिलेत. आजच सोलून घेतो. मागे काम ठेवून मला नव्वदीत जायचं नाही."

आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एक तारीख होती, डिसेंबरातली. या माणसाने मात्र पुढची पंधरा-वीस वर्षं मोजूनच ठेवली होती आणि त्यांत कच्चं काम बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोलाई सुरू झाली. पत्र्याला ओरखडा उठू नये म्हणून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी, हळूहळू, इंच इंच. हे काम कंटाळवाणं असतं असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर त्या दिवसांत आमच्या शेडमध्ये पहिल्यापेक्षा जास्त मजा आली. कारण आता आम्ही चार जण होतो. सुलभाकाकू हातमोजे घालून, पदर खोचून डाव्या पंखाला भिडल्या. "हा मी बिघडवलाय, हा मीच काढणार." आयुष्यभर तांब्यापितळेची भांडी घासलेला तो हात, त्याला घासणी कशी फिरवायची ते कुणी शिकवावं लागलं नाही. दिवाळी आली आणि गेली. त्यांनी चकली तळली नाही की शंकरपाळं. शेजारच्या घरांतून फराळाची ताटं आली. ती आम्ही शेडपासून दूर अंगणात उभं राहून खाल्ली आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुवून परत कामाला लागलो.

दुसऱ्यांदा प्रायमर मारायची सकाळ उजाडली, तेव्हा काकू तबक घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. आत यावं की नाही, त्यांना कळेना. साहेब पांढऱ्या अंगरख्यात, मास्क गळ्यात लटकवून, बाहेर आले आणि त्यांच्यासमोर मान वाकवून उभे राहिले. "कुंकू मला लाव." काकूंनी त्यांना कुंकू लावलं, ओवाळलं. मग तिवारीजींना, मग मला. कुंकवाची बोटं लावलेले आम्ही तिघं रंगारी हात धुवून आत गेलो. तांब्यातलं पाणी आधी सगळीकडे फिरलं, पत्रा सुकला, आणि मग गन सुरू झाली. एकही खळगा पडला नाही.

आठवड्याने टेप ओढायचा मान साहेबांनी काकूंना दिला. "मी नाही, माझ्या हाताला यश नाही," असं त्या म्हणत होत्या, पण साहेबांनी टेपचं टोक त्यांच्या चिमटीत दिलं. त्यांनी डोळे मिटून झटका दिला. आम्ही सगळे टेपवर वाकलो. टेप कोरी होती. धडावर कोरी, शेपटीवर कोरी, डाव्या पंखावर कोरी! तिवारीजींनी फाटकाबाहेर जाऊन गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "चिपक गया! अब नहीं निकलेगा!" दूधवाल्याने आपली मोटारसायकल थांबवून टाळ्या वाजवल्या. काकू मात्र डोळे उघडायलाच तयार नव्हत्या. शेवटी साहेबांनी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, तेव्हा त्यांनी टेप पाहिली आणि तिथेच खुर्चीत बसून मनसोक्त रडून घेतलं.

हा गौरवग्रंथ तुमच्या हाती पडेल तेव्हा विमान मंडळाच्या मैदानावर उभं असेल. पत्रिकेवरचा मोतिया पांढरा रंग तुम्हाला दिसणार नाही, डाळिंबी पट्टाही नाही. राखी-हिरव्या, चमक नसलेल्या प्रायमरमध्ये ते उभं असेल. कुणी कुजबुजेल की अर्धवट आहे. त्यांना खुशाल माझ्याकडे पाठवा, मी जवळच उभी असेन. लग्नाआधी हळद लागलेल्या माणसाला कुणी अर्धवट म्हणत नाही. फक्त एक विनंती आहे. विमानाला हात लावू नका, रंग अजून व्हायचा आहे. आणि तुमच्यापैकी पुष्कळांनी केसांना तेल लावलेलं असेल.

आता रीतीप्रमाणे साहेबांना दीर्घायुष्य चिंतायचं. त्यांच्या निरोगी हातापायांसाठी, स्वच्छ नजरेसाठी मी रोज देवासमोर उभी राहते, ते वेगळं. पण पंच्याहत्तराव्या वर्षी ज्यांनी पुढच्या वीस वर्षांचं काम पहिल्यापासून पुन्हा केलं, त्यांना मी वेगळं आयुष्य ते काय मागणार! साहेब, तिवारीजी म्हणतात की हा प्रायमर वीस वर्षं जागचा हलणार नाही. नंतर मात्र रंग जुना होईल आणि सगळं सोलायला लागेल. तेव्हा मीही म्हातारी असेन आणि मला घाई झालेली असेल, म्हणून आत्ताच बोलावून ठेवते. तुम्ही यायचं आहे, काकूंना घेऊन. तुम्ही आल्याशिवाय आम्ही पत्र्याला हात लावणार नाही.